सान्नेनझाका चढावी, उतरू नये

क्योतोला जाणारे बहुतेक प्रवासी कियोमिझु-देरा मंदिर पाहून झाल्यावर सान्नेनझाकाच्या पायऱ्या उतरतात. मी मात्र दुकाने उघडण्यापूर्वीच, सकाळी सातच्या सुमारास, खालच्या अंगाने चढायला सुरुवात केली. पायऱ्या दगडी असून एकूण ४६ आहेत.

‘सान्नेन’ म्हणजे तीन वर्षे आणि ‘झाका’ म्हणजे चढण. ही वाट दाइदो कालखंडाच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे इसवी सन ८०८ मध्ये बांधली गेली म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. दुसरी व्युत्पत्ती मला अधिक पटते: मूळ नाव ‘सान्नेइझाका’, म्हणजे सुखरूप बाळंतपणाची चढण, कारण कियोमिझुच्या परिसरातील कोयासु पॅगोड्यापुढे सुटकेसाठी प्रार्थना करायला जाणाऱ्या गर्भवती स्त्रिया याच वाटेने वर जात असत. त्यांना हा चढ कसा वाटत असेल, याचा विचार मनात आला आणि माझी चाल आपोआप मंदावली.

या पायऱ्यांवर जो पडेल तो तीन वर्षांत मरेल, अशी एक दंतकथा आहे, आणि त्यावर उतारा म्हणून वाळवलेला तुंबा जवळ बाळगतात. पायथ्याशीच तुंब्यांचे दुकान असल्यामुळे ही कथा कोणाच्या सोयीची आहे, अशी शंका मला आली खरी. पण ओल्या दगडावर जपून पाऊल टाकायला लावणारी सूचना म्हणून ती कोणत्याही फलकापेक्षा परिणामकारक आहे, हेही मान्य करावे लागते.

चढताना नजर वर असते, त्यामुळे दोन्ही बाजूंची लाकडी, कौलारू, बुटकी घरे नीट पाहता येतात. जमीन उतरत जाते तशी त्यांची छपरेही एकाखाली एक उतरत गेलेली दिसतात. १९७६ साली हा भाग पारंपरिक वास्तुसमूहांचे संरक्षित क्षेत्र ठरला, म्हणून दर्शनी बाजू बदलण्यावर येथे निर्बंध आहेत. शेजारच्या निनेनझाकावरील जुन्या घरात २०१७ पासून स्टारबक्सचे कॉफीगृह चालते, तरी बाहेरून पाहणाऱ्याला ते चटकन ओळखू येत नाही.

साडेदहाला परतलो तेव्हा वाट गर्दीने भरून गेली होती. या उतरण्यातले मला आठवतात ते फक्त पायाखालचे दगड आणि पुढच्या माणसाच्या टाचा.