चकजवळचे आटे

लेथचा लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना टूलला ठरावीक गतीने सरकवणारा लांब आट्यांचा दांडा, संपूर्ण लांबीत सारखा कधीच झिजत नाही, आणि त्याचे सगळे दुखणे या एकाच गोष्टीत आहे. तो सगळीकडे सारखा झिजला असता, तर प्रत्येक आटा थोडा बारीक झाला असता, पण एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचे अंतर, म्हणजे पिच, होता तोच राहिला असता. टूल वाहून नेणाऱ्या कॅरेजला या स्क्रूशी जोडणारा, उघडमीट होणारा हाफ नट स्क्रूवर मागेपुढे हलतो, त्या ढिलाईचाही आटे पाडताना फारसा त्रास होत नाही, कारण कापताना जोर एकाच दिशेने असतो आणि नट आट्याच्या त्याच अंगाला टेकून चालतो. त्यामुळे ‘प्ले आला, स्क्रू बदला’ असे कोणी सांगू लागले की मला तो सल्ला उतावळा वाटतो.

आमचा लेथ सहा फुटी, जुना विलायती. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून वर्कशॉप जवळ असल्याने बरेचसे काम होड्यांचे, आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तर दारात प्रोपेलर शाफ्टची रांगच लागते. शाफ्ट कितीही लांब असला, तरी आटे पाडायचे ते टोकाच्या चार बोटांवर, आणि ते टोक चकजवळ, म्हणजे काम धरून फिरवणाऱ्या जबड्याजवळ, धरलेले. अशा कामाने स्क्रूचा हेडस्टॉककडचा, म्हणजे चकच्या बाजूचा, फूटभर भाग खाल्ला गेला आणि समोरच्या टोकाचा, टेलस्टॉककडचा, जवळजवळ कोराच राहिला. इंचाला चार आट्यांच्या ॲक्मे, म्हणजे उतरत्या बाजूंच्या आणि सपाट माथ्याच्या आट्यांच्या, स्क्रूवर आट्याचा माथा साधारण 2.35 मिलिमीटर रुंद असतो. टेलस्टॉककडे तो तसा सपाट, बोटाला बोथट लागतो. चकच्या बाजूला मात्र माथा इतका अरुंद झाला होता की पुसताना कापसाचे धागे त्याच्या कडेला अडकत.

नट गनमेटलचा, म्हणजे मऊ, आणि स्क्रू पोलादाचा. तरी झिजला स्क्रू, याचे नवख्या माणसाला नवल वाटते. बिडाची बारीक भुकटी तेलात मिसळली की तिचा खरड-मलमच होतो. तिचे कण मऊ गनमेटलमध्ये रुतून बसतात आणि तिथे पक्के धरले गेल्यावर समोरच्या कठीण धातूला घासत राहतात. कॅरेज ज्यावर सरकते त्या बेडच्या पुढच्या अंगाला स्क्रू उघडाच असतो, म्हणून टूलखालून पडणारी कीस नेमकी त्याच्यावर येते. त्यात आपली खारी हवा आहे. मृगाचा पाऊस सुरू झाला की तेलाचा हात न फिरवता सोडलेला स्क्रू दोन दिवसांत तांबूस होतो, आणि तो गंजही पुढे त्याच मलमात जातो.

असे असूनही काम अडत नव्हते. आखूड आट्यांत पिचचा फरक कळण्याइतका साठतच नाही. तो कळला एका नळपाणी योजनेच्या व्हॉल्व्हचा लांब स्पिंडल करताना, कारण त्याचा नटही लांब होता. पहिले काही आटे नट हाताने फिरला आणि मग असा आवळत गेला की मेस्त्रींनी पान्हा खाली ठेवला. मग कॅरेजला डायल गेज लावून मोजणी झाली. दहा आट्यांना 63.5 मिलिमीटर पडायला हवेत. टेलस्टॉककडे तेवढे पडत होते, चकजवळ कमी. त्याचे कारण सरळ आहे. कॅरेज चककडे जाते तसा आटा अधिकाधिक बारीक होत जातो, नट तेवढा मागे रेंगाळतो आणि कामावर उतरणारा पिच आखूड पडतो.

नुसता हाफ नट बदलून भागले नसते, कारण नवा नट झिजलेल्या भागाला बसवावा तर कोऱ्या भागावर तो अडकणार. स्क्रू उलटा करून कोरा भाग चककडे आणण्याची जुनी युक्ती आहे आणि ती शहाणपणाची आहे, कारण आट्याची दिशा उलटवल्याने बदलत नाही. आमच्या स्क्रूवर फीडसाठी, म्हणजे आटे न पाडता टूल आपोआप सरकवण्यासाठी, लांबभर कीवेची खाच होती आणि त्या कीवेच्या कडाही उठल्या होत्या, म्हणून ती युक्ती सोडून नवाच स्क्रू करायचे ठरले. तयार मिळणारा 6 मिलिमीटर पिचचा स्क्रू स्वस्त पडला असता. पण गिअरबॉक्सवरचा सगळा तक्ता इंचांचा. तो स्क्रू घातला असता तर त्यातला एकही आकडा खरा राहिला नसता. इंची स्क्रूवर मेट्रिक आटे पाडायला 127 दातांचा गिअर आहेच, आणि जुन्या होड्यांना व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंची प्रमाणाचे, आटे अजून लागतात.

स्क्रू कापायला दुसरा लेथ लागतो, आणि त्या लेथचा स्क्रू कापायला तिसरा. हे मागे मागे नेत गेले की लंडनच्या हेन्री मॉड्स्लेपाशी पोचते. 1800 च्या सुमारास त्याने मऊ दंडगोलावर तिरकी धार टेकवली, दंडगोल फिरवला, धारेला स्वतःच्या तिरकेपणाने पुढे सरकू दिले आणि अशा स्क्रूंतून चांगले निवडून घेतले. पुढे 1841 मध्ये आट्यांचे प्रमाण मांडणारा जोसेफ व्हिटवर्थ त्याच्याच कारखान्यात काम केलेला. आमचा नवा स्क्रू आंबा घाटापलीकडे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाला. ऑर्डर देताना मेस्त्रींनी एकच बजावले होते, ‘भाऊ, कीवे पाडल्यावर स्क्रू परत सरळ करून द्या हां!’ कोल्ड ड्रॉन सळईची एक बाजू कोरली की आतला ताण सुटून ती वाकते, हे त्यांना पक्के ठाऊक.

बसवणे हे खरे काम, आणि घाई होते ती इथेच. बेड झिजला की त्यावर सरकणारे कॅरेजचे खोगीर, म्हणजे सॅडल, खाली बसते, तिच्याबरोबर हाफ नट असलेली पुढची पेटी, म्हणजे एप्रन, उतरतो आणि हाफ नटचे सेंटर स्क्रूची दोन्ही टोके धरणाऱ्या ब्रॅकेटच्या सेंटरखाली जाते. झिजलेला स्क्रू ही तफावत निमूटपणे सहन करतो. नवा स्क्रू नट बंद करताच खाली वाकतो आणि पहिल्या दिवसापासून वाकडा झिजू लागतो. म्हणून आधी एप्रन पॅकिंग देऊन वर घेतला, नट बंद करून कॅरेज एकेका टोकाला नेली, स्क्रू मोकळा फिरतो आहे हे हाताने पाहिले आणि मगच ब्रॅकेटचे बोल्ट आवळून, त्यांची जागा पक्की करणाऱ्या टेपर पिनांची भोके नव्याने रीम केली, म्हणजे मापात तासली. जुन्या भोकांचा मोह धरला असता, तर ब्रॅकेट जुन्याच चुकीच्या जागी बसले असते.

आता हाफ नट फक्त आटे पाडतानाच लागतो. साध्या फीडलाही तो बंद करायची पोरांची सवय मोडताना मेस्त्रींचा आवाज वर्कशॉपभर घुमतो. जुन्या स्क्रूचा कोरा अर्धा त्यांनी व्हाइस करण्यासाठी मागून घेतला आहे. त्यासाठी गनमेटलचा नट ओतावा लागेल, त्याचे पैसे कोणी द्यायचे यावर आमची बोलणी अजून चालू आहेत.