चार फुलांची वाकळ

लहानपणी मी झोपत नसले की आजी म्हणायची, "गप पड, न्हाईतर सिद्दी येऊन पोत्यात घालून न्हेईल बघ." सिद्दी म्हणजे आमच्याकडच्या जंगलात राहणारे, मूळ आफ्रिकेतून आलेले लोक. मी वाकळ डोक्यावरून ओढून घ्यायचे. आजीच्या जुन्या लुगड्यांची ती वाकळ कडेपासून आत आत धावदोरा घालत शिवलेली होती, चारी कोपऱ्यांना कापडाची तिकोनी फुलं. शिवली होती एका सिद्दी बाईनं, आमच्याच ओसरीवर बसून. कोपरा फुलाशिवाय ठेवायचा नाही, उघडा दिसतो, असं ती म्हणायची. तिला आजी चहा वेगळ्या कपात द्यायची, आणि तो कप चुलीमागच्या कोनाड्यात पालथा असायचा. आम्हा पोरांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्या कपाला आम्ही हात लावत नव्हतो.

गेल्या महिन्यात खानापुरातून हल्याळच्या बसमध्ये बसले होते, मांडीवर सहा वर्षांचा मुलगा. कंडक्टर सगळ्यांशी कन्नडात नाहीतर मराठीत बोलत होता. पुढच्या सीटवरच्या कुरळ्या केसांच्या मुलीपाशी आला आणि म्हणाला, "कहाँ जाना है?" तिनं स्वच्छ कन्नडात सांगितलं, "हल्याळ, ओंदु," म्हणजे एक. बस भरलेली, तरी तिच्या शेजारची जागा बराच वेळ रिकामीच होती. मी तिथं जाऊन बसले, बोलायला लागले, आणि अगदी कौतुकानं म्हटलं, "किती छान मराठी बोलतेस गं!"

ती म्हणाली, "घरात कोकणी बोलतो ताई. मराठी शाळेतली. मी तालुक्यातलाच की." आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मला पुण्यातलं लग्न आठवलं. निघताना मी आपली सवयीनं "येतो हं" म्हटलं, तर सगळ्या हसल्या होत्या. एकीनं विचारलं, "बेळगावकडच्या ना? मग मराठी कसं काय येतं?" पंधरा वर्षं झाली, अजून तो हॉल डोळ्यांपुढे येतो. इतकं लागलं होतं मला. आणि तेच मी हिला विचारलं, फक्त गोड करून.

सिद्दींचे कितीतरी पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले. तिथून निसटून त्यांतले बरेच आमच्याकडच्या जंगलात आले. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला, आमच्या बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना थेट २०२० साली. त्याच वर्षी सिद्दी समाजातले शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले. टीव्हीवर त्यांना बघून आमच्या घरात कुणीतरी "हे आमदार?" म्हणून हसलं. मी चहा देत होते. मी काही बोलले नाही, आणि मुलगा तिथंच खेळत होता.

बसमधून उतरल्यावर त्यानं विचारलं, "आई, ती पोत्यात घालून नेणारी होती?"

त्याला कुणी सांगितलं हे मला विचारावं लागलं नाही. त्या रात्री आईला म्हटलं, बाळाला झोपवताना ते नाव घ्यायचं नाही. आई दुखावली. "माझ्या सासूनं तुम्हाला असंच निजवलं, काय वाईट झालं तुमचं?" मी ट्रंकेतून ती वाकळ काढून तिच्यापुढे ठेवली. ती बराच वेळ एका कोपऱ्यातलं फूल चाचपत बसली. "हिचं नाव काय होतं गं?" तिनं विचारलं.

मलाही ठाऊक नव्हतं.