गाव म्हणालं लम्पी

फोन उचलल्या उचलल्या अण्णा म्हणाले, "डॉक्टर, घोडीला लम्पी झालाय. गाव म्हणतंय बाहेर बांध, नाहीतर आमची जनावरं मरतील."

२०२२चा सप्टेंबर होता. जनावरांचे बाजार बंद, बैलगाडा शर्यती बंद, आणि कुठल्याही अंगावर गाठ दिसली की लोकांचा थरकाप. लम्पी गाईबैलांचा आजार आहे, घोड्याला होत नाही, हे मी फोनवरच सांगितलं. अण्णांचं त्यावर रास्त उत्तर होतं : "मग ह्या गाठी कशाच्या?"

आमच्या खेड-आंबेगाव पट्ट्यात बैलगाड्यापुढे घोडी पळते. स्वार पाठीवर घेऊन ती पुढे आणि बैल तिच्या मागोमाग घाट, म्हणजे शर्यतीची धावपट्टी, चढतात. त्यामुळे ज्या घरात शर्यतीचा नाद, तिथे बैल आणि घोडी एकाच पत्र्याखाली. खरारा एकच, माशाही त्याच. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिल्यावर अण्णांनी हौसेने ही तांबडी घोडी आणली होती.

गेलो तेव्हा अंगणात निम्मं गाव जमलेलं. आधी हातमोजे चढवले. घोड्याच्या कातडीवर गाठी म्हटलं की ग्लँडर्स डोक्यात यायलाच हवा. तो माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. पण त्यात गाठी रसवाहिन्यांच्या रेषेत माळेसारख्या उठतात, फुटतात, नाकातून घाण येते. इथे त्यातलं काही नव्हतं. तशी शंका असती तर हात लावण्याआधी सरकारी दवाखान्याला कळवून रक्त हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवावं लागलं असतं.

घोडीच्या मानेवर केस गेलेला, नायट्यासारखा गोल चट्टा होता. मांडीच्या आत कोरडी, खरबरीत चामखीळ. आणि पुढच्या दोन पायांच्या मधे, छातीवर, लालभडक मांसाचा गोळा. रक्त झिरपतंय, माशा घोंगावताहेत. गोळ्याच्या बुडाशी काहीतरी काळं रुतलेलं दिसलं. चिमट्याने ओढलं तर घोड्याच्या शेपटीचा केस!

माणसाची चामखीळ घोड्याच्या केसाने बांधून पाडायची, हा आपल्याकडचा जुना उपाय. अण्णांच्या चुलत्यांनी घोडीचाच केस घोडीलाच बांधला होता. तर्कात खोट काढायला जागा नव्हती. पण त्याआधी सुपारीएवढी असलेली गाठ त्यानंतर मुठीएवढी झाली होती.

हा सारकॉईड. घोड्यांच्या कातडीवर जगभर सगळ्यात जास्त आढळणारा ट्यूमर. १९३६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या जॅक्सन नावाच्या पशुवैद्याने तो वेगळा ओळखून त्याला हे नाव दिलं. तो आतल्या अवयवांत पसरत नाही, पण त्याला अर्धवट डिवचलं की चवताळतो. केस बांधा, चुना लावा, नाहीतर डॉक्टरने नुसता तुकडा कापून तपासणीला पाठवून वाट पाहत बसावं; सगळ्याचा परिणाम एकच.

"बैल दाखवा," मी म्हणालो. गर्दीत कुजबुज झाली. एका खोंडाच्या मानेवर आणि खांद्यावर फुलकोबीसारख्या मसा होत्या. अण्णा म्हणाले, "ते साधं आहे, झडून जातं." बरोबरच होतं. गुरांच्या पॅपिलोमा विषाणूने होणाऱ्या अशा मसा बहुतेकदा आपोआप झडतात. त्याच विषाणूचे पहिला आणि दुसरा हे प्रकार घोड्याच्या सारकॉईडमध्ये सापडतात. घोड्यात विषाणूची नवी पिल्लावळ सहसा तयार होत नाही, पण त्याची जनुकं कातडीखालच्या पेशींत ठाण मांडतात. त्यांतलं ई-५ हे जेमतेम ४४ अमिनो आम्लांचं प्रथिन पेशीला 'वाढ' हा हुकूम देत राहतं, आणि प्रतिकारशक्तीपासून तिला लपवतंही.

१९५१मध्ये अमेरिकेत ओल्सन आणि कुक यांनी गाईच्या मसांचा अर्क घोड्यांना टोचून पाहिला. गाठी आल्या, पण जिरूनही गेल्या. खरा सारकॉईड असा सहजी जिरत नाही. शिवाय हा विषाणू निरोगी घोड्यांच्या कातडीवरही मिळतो. म्हणजे विषाणूसोबत जखम, माशा, आनुवंशिकता असं आणखी काही जुळून यावं लागतं. तेव्हा ह्याच खोंडाने दिलं असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण गाव म्हणत होतं 'गुरांकडून आलं', त्यात अगदीच चूक नव्हती. फक्त रोग दुसरा, आणि त्यातून गावच्या गुरांना धोका नव्हता.

मागून एकाने विचारलं, "माझ्या पांढऱ्या घोड्याच्या शेपटीखाली काळ्या गाठी आहेत, त्याही बैलाच्याच का?" नाही. तो मेलॅनोमा, कातडीच्या रंगपेशींचा ट्यूमर. तिथे विषाणू नाही. ज्या जनुकीय बदलाने घोडा वयानुसार पांढरा होतो, तोच त्या गाठींच्या मुळाशी आहे, हे २००८मध्ये कळलं. त्या गृहस्थांचा चेहरा पडला. बैलावर ढकलता आलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

घोडीला झायलाझिन देऊन शांत केलं, भोवताली बधिर करायला लिग्नोकेन टोचलं, धनुर्वाताची लसही दिली. छातीचा गोळा आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट काढला. मग त्या तळावर द्रव नायट्रोजन. हा कुठून आणायचा? कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या टाकीत असतात, तिथूनच. उणे १९६ अंशांचं हे औषध आमच्या तालुक्यात फिरतं ते गाईंच्या पोटी वासरं यावीत म्हणून. जखमेभोवती व्हॅसलीन फासलं. गोठवलं, वितळू दिलं, पुन्हा गोठवलं. मांडीची चामखीळही तशीच. मानेच्या चट्ट्याला हात लावला नाही. शांत आहे तोवर त्याला शांत राहू द्यावं, ह्या मताचा मी आहे.

कापलेला तुकडा फॉर्मॅलिनमधून पॅथॉलॉजीच्या मित्राकडे गेला, दुसरा बर्फातून पीसीआरसाठी. सारकॉईडच निघाला, विषाणू पहिल्या प्रकारचा.

पुढे छातीवर पुन्हा कोंब आला आणि पुन्हा गोठवावा लागला. दरम्यान खोंडाच्या मसा काही न करता झडून गेल्या. अण्णा वैतागून म्हणाले, "त्याचं फुकटात गेलं, आणि हिच्यापायी मी टाकीच्या भाड्यासकट पैसे मोजतोय. बिल त्याच्या नावावर फाडा."

खोंडाचं नाव विचारलं तर म्हणाले, "सर्जा लिहा." लिहिलं. चुलत्यांना मात्र बजावून ठेवलंय : मानेच्या चट्ट्याला खरारा लावायचा नाही, आणि केस तर मुळीच बांधायचा नाही.