युगांडात वर्षभर शिकवायला जाताय? आधी खडू हातात घ्या

धर्मग्रामातून (चर्चच्या पॅरिशमधून) कुणी वर्षभरासाठी मिशनवर शिकवायला निघालं की मिस्सात आशीर्वाद होतो, गळ्यात क्रूस पडतो आणि घरी आल्यावर पहिला प्रश्न येतो, "बॅगेत काय काय भरायचं?" बॅग हे शेवटच्या आठवड्याचं काम. युगांडात शाळेचं वर्ष जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला उघडतं आणि डिसेंबरात संपतं. म्हणजे आपल्याकडे पाऊस लागला की तयारीला लागायचं आणि त्या सहा-सात महिन्यांतला मोठा वाटा भाषेसाठी आणि फळ्यासाठी राखायचा. कागदपत्रं आणि लसी मात्र आधी मार्गी लावा, कारण तिथे तारखा आपल्या हातात नसतात.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतरही सहा महिने उरायला हवी, म्हणजे निघताना किमान दीड वर्ष. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवा केंद्रातूनच मिळतं. मुलांमध्ये काम करणाऱ्याकडून ते मागितलं जाणं योग्यच आहे, त्यात अपमान वाटून घेऊ नये. पण ते फार आधी काढू नका, कारण सहा महिन्यांपेक्षा जुनं बऱ्याच ठिकाणी चालत नाही. अलीकडे घर बदललं असेल तर पत्त्याचा पुरावा आधी नीट करून घ्या, पडताळणी हमखास तिथेच अडकते.

वसईकरांची आणि गोवेकरांची खास अडचण आडनावाची. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर डि'मेलो, पदवीवर डि मेलो, पासपोर्टवर सलग डिमेलो. आपल्याला हे एकच आहे हे कळतं, तिथे काम करण्याचं परमिट देणाऱ्या अधिकाऱ्याला कळत नाही. तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र करून घ्या आणि मूळ कागदांबरोबर ठेवा. पदवी, बी.एड., बाप्तिस्म्याचा दाखला, प्रमुख धर्मगुरूंचं पत्र आणि बिशपांचं पत्र या सगळ्यांच्या स्कॅन प्रती यजमान संस्थेला आधीच पाठवा. परमिटचा अर्ज तिथला धर्मप्रांत किंवा धर्मसंघ करतो. "आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू" असं कुणी म्हणालं तर थांबा. टुरिस्ट व्हिसा शिकवण्यासाठी नसतो, आणि पकडलं गेलं तर दंड आणि परत पाठवणी तुमची होते, बोलावणाऱ्याची नाही.

आता लसी. युगांडात उतरताना पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड दाखवावं लागतं, आणि परत येताना भारतही ते मागतो. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, नेहमीच्या डॉक्टरांकडे नाही. कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होतं. आठव्या दिवसाचं विमान असेल तर ते कार्ड असून नसल्यासारखं. 2016 पासून एकच डोस आयुष्यभरासाठी ग्राह्य धरला जातो. ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, दबलेली प्रतिकारशक्ती किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर केंद्रावरच्या डॉक्टरांना आधी सांगा. गोवर किंवा कांजिण्यांची लसही घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी घ्या, नाहीतर चार आठवड्यांचं अंतर ठेवा. हे न पाहिल्यामुळे वेळापत्रक कोलमडतं. कार्डावरचा पासपोर्ट क्रमांक तिथल्या तिथे ताडून पाहा.

हिवतापाच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांशी वर्षभराचा हिशोब करून बोला. डॉक्सिसायक्लिन स्वस्त पडते आणि रोज घ्यावी लागते. ती पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. शिवाय तिच्यामुळे ऊन लागतं, आणि विषुववृत्तावरचं ऊन म्हणजे थट्टा नव्हे. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, पण पूर्वी नैराश्य किंवा झटके येऊन गेले असतील तर ती नकोच. गोळ्या चालू असल्या तरी औषध लावलेली मच्छरदाणी लागतेच. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस वाट पाहणं हीच सर्वांत महागात पडणारी चूक.

भाषेकडे वळू. वसईचे संत गोन्सालो गार्सिया 1593 मध्ये मनिलाहून जपानला गेले ते फ्रान्सिस्कन धर्मसंघाच्या मंडळींचे दुभाषी म्हणून. जपानी त्यांना आधीच येत होती, म्हणून तर त्यांना नेलं. आपल्याला एवढं जमणार नाही, पण कोणती भाषा शिकायची हे तरी यजमानांना विचारा. कंपाला-मसाका भागात लुगांडा, म्बरारात रुन्यांकोले, उत्तरेला गुलू-कितगुमकडे अचोली. पूर्व आफ्रिका म्हणजे स्वाहिली असं धरून जाणारे तोंडावर पडतात.

लुगांडात सकाळी भेटल्यावर "वासुझे ओत्या?" म्हणायचं, म्हणजे रात्र कशी गेली? पुढे पुरुषाला "स्सेबो", बाईला "न्न्याबो". हे न विचारता थेट कामाचं बोलणं उद्धटपणाचं. बुगांडातल्या, म्हणजे लुगांडा बोलणाऱ्या भागातल्या, मुली मोठ्यांना गुडघे टेकून नमस्कार करतात; त्यांना दंडाला धरून उठवू नका, शांतपणे उत्तर द्या. वेळ सूर्योदयापासून मोजतात: सकाळचे सात म्हणजे "स्सावा एमू", पहिला तास. "स्सावा बिरी"ला बोलावलं तर ते दुपारी दोनला नाही, सकाळी आठला. सहाची बेरीज-वजाबाकी आठवडाभरात अंगवळणी पडते, पण पहिली मीटिंग बहुतेकांची चुकते.

आणि भुवया. "समजलं का?" विचारल्यावर मूल काही न बोलता भुवया वर करतं. ते "हो" आहे. नवा शिक्षक त्याला उत्तर न देणारं मूल समजून पुन्हा विचारतो, पुन्हा भुवया, आणि शिक्षकाचा आवाज चढतो. उलट आपण सवयीने मान डोलावतो ती त्यांना "नाही" वाटते. महिनाभर आरशासमोर "यस" तोंडाने म्हणायची सवय लावा. हसू नका, उपयोग होतो.

आपलं इंग्रजीही तपासून घ्यावं लागतं. आपण "फाइव्ह इंटू थ्री" म्हणतो तेव्हा उत्तर पंधरा. तिथल्या ब्रिटिश वळणाच्या वर्गात "थ्री इंटू फिफ्टीन" म्हणजे पंधराला तीनने भागा. गुणाकाराला "टाइम्स" म्हणा. लाख-कोटी विसरा, मिलियन वापरा. "आय हॅव अ डाउट" म्हटलं तर तिथे तुम्ही समोरच्यावर संशय घेताय. त्यांचीही वळणं आहेत: "यू आर लॉस्ट" म्हणजे बरेच दिवसांत दिसला नाहीत, आणि काम करताना कुणी "वेल डन" म्हणालं तर ते शाबासकी नसून नमस्कार आहे.

शाळा प्राथमिक सात वर्षं, मग चार, मग दोन. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी राष्ट्रीय मंडळाची परीक्षा असते. माध्यमिकच्या पहिल्या चार वर्षांचा अभ्यासक्रम 2020 पासून बदलला आहे, तेव्हा कुणी दिलेल्या जुन्या नोट्स नेऊ नका. परीक्षेचा वर्ग पहिल्याच वर्षी मागून घेऊ नका.

वर्गात साठ-सत्तर मुलं असणं नवलाचं नाही आणि पाठ्यपुस्तक चौघा-पाचांत एक. म्हणजे फळा हेच पुस्तक. प्रोजेक्टरवर शिकवायची सवय असलेल्यांची इथे पंचाईत होते. निघण्याआधी महिनाभर एखाद्या शाळेचा रिकामा वर्ग संध्याकाळी मागून घ्या आणि सलग चाळीस मिनिटं लिहा. फळ्याचे तीन भाग करा: डावीकडे तारीख आणि नवे शब्द, जे तास संपेपर्यंत पुसायचे नाहीत, मधे धडा, उजवीकडे कच्ची आकडेमोड. खडू अर्धा मोडून तिरका धरा, लांब खडू उभा धरला की किंचाळतो. दर ओळीला बोटांत थोडा फिरवत राहा, म्हणजे टोक एका बाजूने झिजत नाही. मग शेवटच्या बाकावर बसून वाचा. दोन इंचांपेक्षा लहान अक्षर तिथून दिसत नाही. फळ्यावरची एक चूक सत्तर वह्यांत उतरते, हे लक्षात असू द्या.

छडी 2016 च्या कायद्याने बंद आहे. सहकारी वापरताना दिसले तरी तुम्ही हात लावायचा नाही. मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही, मुलांचे फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत.

पैशाचं आधीच ठरवा. तिथे तुम्ही "मुयिंदी", म्हणजे भारतीय, आणि मुयिंदी म्हणजे दुकानदार अशी ओळख रेल्वे आणि व्यापारापासून चालत आलेली. 1972 मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन याने नव्वद दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना घालवलं, त्यांत सरकारी कचेऱ्यांतले कितीतरी गोवेकर होते. हा इतिहास वाचून जा, स्टाफरूममध्ये तो निघतोच. फी भरा म्हणून मुलं, पालक, कधी सहकारीसुद्धा विचारतील. हातात रोख एकदाही देऊ नका. द्यायचंच असेल तर मुख्याध्यापकांमार्फत, नाव न सांगता.

बॅगेचं थोडक्यात: तीन चपट्या पिनांच्या ब्रिटिश सॉकेटचे दोन अ‍ॅडॉप्टर (व्होल्टेज आपल्यासारखंच), पॉवर बँक हातातल्या बॅगेत, एक स्वेटर, कारण कंपाला बाराशे मीटर उंचीवर आहे. पांढरे कपडे नकोत, तांबडी माती धुतल्याने जात नाही. पॉलिश आणि ब्रश मात्र न्या, मळक्या बुटांच्या शिक्षकाला तिथे कुणी शिक्षक समजत नाही. भारतातलं सिम चालू राहील असं वर्षाचं रिचार्ज करा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि घरचे हप्ते अडकतील.

परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड चेक-इन बॅगेत टाकू नका. मुंबईला उतरल्यावर ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं. डॉक्सिसायक्लिन घरी आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची, आणि पुढच्या वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: मी युगांडात होतो.