पालथी गिटार

पेडल स्टील गिटार, म्हणजे तारांवर पोलादी कांडी सरकवत आणि पायाने पेडल दाबून सूर बदलत वाजवायची गिटार, ओळखायची तर ती आधी पालथी घालावी लागते. वरून बहुतेक सगळ्या सारख्याच दिसतात. चार पायांवर उभी लांबट लाकडी पेटी, तिच्यावर दहा तारा, नाहीतर दोन नेक (तारांचे पट्टे) आणि वीस तारा. टेनेसीत राहून कंट्री संगीताचा नाद लागलेल्या माझ्यासारख्या सांगलीकराकडे अशी एक गिटार जुन्या सामानाच्या विक्रीतून आली, तेव्हा तिच्यावरची नावाची पट्टी केव्हाच निघून गेली होती. फ्रेटबोर्डवरचे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर मात्र शाबूत होते.

म्हणजे नॅशव्हिलची शो-बड. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोन वादकांनी १९५० च्या दशकात उभारलेली कंपनी. पत्त्यांची नक्षी ही तिची ठळक खूण. पण नुसत्या नक्षीवर विसंबून चालत नाही, फ्रेटबोर्ड बदलता येतो. खरी साक्ष पोटात असते. प्रत्येक पेडलमागे एक आडवा दांडा, त्याला जोडलेल्या बारीक सळ्या, आणि त्या सळ्या पलीकडच्या टोकाला तार ओढणाऱ्या ‘चेंजर’मध्ये शिरलेल्या. या जोडण्यांची घडण कंपनी वेळोवेळी बदलत गेली, त्यामुळे जाणकार त्यावरूनच दशक सांगतात. टोनच्या नॉबखाली पॉटवर, म्हणजे नॉबने फिरणाऱ्या विजेच्या भागावर, १३७ ने सुरू होणारा आकडा सापडला: १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, पुढचे दोन अंक वर्ष, शेवटचे दोन आठवडा. निघाला १९६९. अर्थात हे पॉटचं जन्मवर्ष. गिटार त्यानंतरची असू शकते, आणि पॉट मागाहून बदललेला असला तर आधीचीही.

व्हिडिओ कॉलवर आईला हे पोट दाखवलं. “अरे, हे तर शिलाई मशीन!” ती म्हणाली. “पाय मारल्याशिवाय वाजत नाही का?”

वाजते. पण मग ती नुसती हवाईयन गिटार होते. आपला कान या वाद्याकडे वळतो तो मींडेमुळे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांनी हवाईयन गिटार आपल्या घराघरांत आणली, ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. तिथे पोलादी कांडी सरकली की तिच्याखालच्या सगळ्या तारा मिळून सरकतात. पेडलची गंमत निराळी. ई९ या पद्धतीने तारा लावल्या की तिसरी, चौथी, पाचवी तार मिळून ई मेजर हा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, ऐकू येतो. पहिले दोन पेडल दाबले की पाचवीचा बी चढून सी शार्प होतो, तिसरीचा जी शार्प ए होतो आणि मधला ई जागचा हलत नाही. कांडी तिथेच आणि खालचा कॉर्ड ए मेजर! १९५४ साली आलेल्या, वेब पियर्स या कंट्री गायकाच्या एका गाण्यात बड आयझॅक्स या स्टीलवादकाने तार वाजत असतानाच पेडल दाबला आणि तो आवाज कंट्रीवाल्यांच्या कानात असा बसला की त्यानंतर स्टीलवादकाला पेडलाशिवाय गत्यंतर उरलं नाही.

दुरुस्तीत फार शौर्य नव्हतं. चेंजरमधलं जुनं तेल गोंदासारखं घट्ट झालं होतं. पेडल सोडला तरी तार मूळ सुरावर परतत नव्हती. लायटरमध्ये घालतात ते इंधन थेंबाथेंबाने सोडायचं, पेडल हलवत राहायचं, काळा मळ पुसायचा, मग अगदी पातळ तेल. व्हॉल्यूम पेडलमधली दोरी तुटली होती, ती बदलली. लाकडावरच्या लॅकरला बारीक भेगा आहेत. त्यांना मी हात लावला नाही. जुन्या वाद्याला नव्याची चकाकी देणाऱ्यांचं आणि माझं जमत नाही.

घोळ घातला तो एका गुडघ्याच्या लीव्हरने, म्हणजे गुडघ्याने ढकलायच्या दांडीने. तो कारखान्यातला नाही हे उघड होतं. ॲल्युमिनियमची पट्टी हाताने कापलेली, कडा कानशीने घासलेल्या, स्क्रू दोन जातींचे. हा लीव्हर चौथी आणि आठवी तार ई वरून अर्धा सूर उतरवतो. आजच्या वादकाला त्याच्यावाचून चालत नाही, पण ही गिटार बनली तेव्हा तो सगळ्यांवर नसायचा. मूळ रूपात आणायची तर तो काढून भोकं बुजवायला हवीत. तसं केल्यावर किंमतही जास्त येते म्हणतात. मला ते पटेना. कुणीतरी हा उतरता सूर कुठेतरी ऐकला, तो आपल्याही गिटारीत हवा म्हणून गॅरेजमध्ये कानस घेऊन बसला, आणि त्याने काम चोख केलं: सूर अजूनही नेमका उतरतो. कारखान्याने बनवलेलं तेवढं अस्सल आणि वाजवणाऱ्याने बनवलेलं उपरं, हा हिशेब विकणाऱ्याने करावा. लीव्हर ठेवला.

अडचण एवढीच की तो गृहस्थ चांगलाच उंच असणार. माझा गुडघा लीव्हरपर्यंत पोचत नाही. पाय कमी करायचे तर पेडलच्या उभ्या सळ्याही तेवढ्याच आखूड करायला हव्यात, म्हणून सध्या मी उशी घेऊन बसतो. शिवाय तिसरी तार, शून्य दशांश शून्य अकरा इंच जाडीची, पेडलने ओढून ओढून सारखी तुटते. त्या तारा मी आता डझनाने मागवतो.