पेनने काढलेला पट्टा

शर्टाची बटणं लावताना पहिल्यांदा लक्षात आलं. उजवीकडे खालच्या बरगड्यांवर कापड नुसतं घासलं तरी आग व्हायची, आणि तिथेच चिमटा काढला तर काहीच कळायचं नाही. दुखतंय पण आणि बधीर पण, एकाच जागी? मलाच ते पटेना, त्यामुळे दोन महिने मी बधीरपणाचं कोणाला बोललोच नाही, "बरगडीत दुखतं" एवढंच सांगत फिरलो. वय ६७, घरात ठरलं की उसण भरली असणार. शेक झाला, मलम झालं, मग ईसीजी, छातीचा एक्सरे, पित्ताशयात खडे आहेत का म्हणून सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. एका ठिकाणी तर गॅसच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. आधी हृदय तपासलं ते बरोबरच होतं हां, छातीवर दाब, घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारं दुखणं असेल तर बाकी काही विचार न करता आधी तेच बघायचं.

एका रात्री बायको म्हणाली, अहो सारखं काय चोळताय तिथे. मग सांगितलं. तिने गार पाण्यात चमचा बुडवून पाठीपासून पोटापर्यंत टेकवत नेला, जिथे मला गार लागेना तिथे बॉलपेनने खूण. बघतो तर पाठीच्या कण्याजवळून निघून बगलेखालून तिरका खाली उतरत पुढे आलेला चांगला तळहाताएवढा रुंद पट्टा, आणि पोटाच्या बरोबर मधोमध येऊन थांबलेला.

तो पट्टा तसाच घेऊन न्यूरोवाल्या डॉक्टरांकडे गेलो. ते बघून म्हणाले, हे आधी का नाही दाखवलंत! बरगड्यांच्या १२ जोड्या, प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला खोबणीतून एक नस जाते, ती निघते मणक्यातून आणि पोचते पुढच्या कातडीपर्यंत. बिघाड मागे मुळाशी असला तरी दुखणार पुढे, मग बरगडीच्या एक्सरेत दिसणार काय? शेजारच्या नसा एकमेकींच्या हद्दीत थोड्या घुसलेल्या असतात, त्यामुळे एकच नस बिघडली तर बधीरपणा कधी कधी जाणवतही नाही. माझा पट्टा रुंद होता म्हणजे एकीपेक्षा जास्त नसा होत्या.

मग प्रश्न सुरू. पुरळ आलं होतं का? नागिणीत पुरळाच्या आधी काही दिवस नुसतंच दुखू शकतं आणि पुरळ आल्यावर ७२ तासांत औषध सुरू झालं तर जास्त उपयोग, म्हणून ते आधी विचारतात. नव्हतं. पडलात का, खोकला होता का? हाडं ठिसूळ झालेली असली की नुसतं वाकल्याने पण मणका दबतो म्हणे. तेही नाही. शुगर? ती आहे, १४ वर्षं. वजन? पाच किलो उतरलं होतं आणि मी मूर्खासारखा खूश होतो की चालण्याचा फायदा झाला.

मणक्याचा एमआरआय झाला, त्यात वयाप्रमाणे झीज, दाब कुठेच नाही. मग पाठीच्या स्नायूंत सुया घालून ईएमजी, म्हणजे स्नायूंतले विजेचे संकेत बघून नसा नीट आहेत का ते तपासणं, तो अनुभव काही सुखाचा नाही. शेवटी निदान असं की डायबेटीसने धडाच्या नसांच्या मुळांना दुखावलंय. मला वाटायचं शुगरने पायच बधीर होतात! यात वजनही उतरतं, पोटाचा एखादा भाग स्नायू ढिले पडून फुगल्यासारखा दिसतो आणि लोक हर्निया समजून बसतात. बहुतेकांचं महिन्यांच्या हिशोबाने हळूहळू सुधारतं, तोवर शुगर सांभाळायची आणि नसांच्या दुखण्याची गोळी. ती गोळी प्रीगाबालिन, रात्री घ्यायची, झोप छान लागते पण पहाटे उठलं की डोकं गरगरतं, मी एकदा भिंत धरून वाचलो, तेव्हा उठताना आधी पलंगावर दोन मिनिटं बसा.

आणखी एक त्यांनी बजावलं होतं, दोन्ही बाजूंना कमरपट्ट्यासारखं बधीर वाटलं, पाय लटपटले किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी हॉस्पिटल, तो मज्जारज्जूवरचा दाब असू शकतो.

आता आठ महिने झाले. आग जवळपास गेलीय, बधीरपणा मात्र चिवट आहे. बायको दर रविवारी चमचा आणि पेन घेऊन बसते. परवा बगलेखाली चमचा टेकवला आणि मी दचकलो, गार लागला. तेवढा भाग सोडून तिने रेष काढली.