मे स्ट्रीटवरचा घोड्यांचा डॉक्टर

आमच्या घरी डनलॉप म्हणजे गादी. त्या नावाचा एक माणूस होता आणि तो जनावरांचा डॉक्टर होता, हे मला एडिंबरोत कळलं. नॅशनल म्युझियम ऑफ स्कॉटलंडमध्ये शिरले होते ती क्लोन करून जन्मलेली डॉली मेंढी बघायला (तिकीट नाही, पुणेकरांनी नोंद घ्यावी). ती बघून फिरताना जॉन बॉइड डनलॉपच्या पहिल्या हवेच्या टायरपाशी थबकले, आणि मेंढी मागे पडली.

डनलॉप मूळचा स्कॉटिश, १८४० साली ड्रेगहॉर्नला जन्मलेला. पशुवैद्यकी एडिंबरोतच शिकला, मग आयर्लंडला जाऊन बेलफास्टच्या मे स्ट्रीटवर जम बसवला. म्हटलं, एवढं आलोच आहोत तर तेही बघू. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या केर्नरायनहून बोट पकडली. सव्वादोन तासांत बेलफास्ट, त्यातला निम्मा वेळ मी रेलिंग धरून.

मे स्ट्रीटवर आता दवाखाना शोधू नका. सिटी हॉलपासून निघालेला साधा वाहता रस्ता आहे. मी मात्र डोळे मिटून तिथलं १८८७ सालचं अंगण बघत होते. तेव्हा रस्ते दगडी चिऱ्यांचे आणि मुलाची तीनचाकी भरीव टायरांची. नऊ-दहा वर्षांचं पोर दणके खात घरी यायचं. बापाने एक लाकडी चकती घेतली, पातळ रबराची नळी करून तिच्याभोवती बसवली, वरून कापड ताणून खिळे ठोकले आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग तीनचाकीचं एक चाक आणि ही चकती, दोन्ही अंगणात ढकलून दिली. चाक वाटेतच आडवं झालं. चकती पार फाटकाच्या खांबाला धडकून उलटी फिरली! पेटंट, कंपनी सगळं नंतरचं, मला हा खांबच आवडतो.

१८ मे १८८९ ला क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम हा सायकलपटू सायकलला हे फुगीर टायर लावून शर्यतीत उतरला. लोक हसले. त्याने चारही शर्यती मारल्या.

पुढे कळलं, हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच घेतलं होतं. तेव्हा आमचे डॉक्टर पाच वर्षांचे! म्हणजे डनलॉपचं पेटंट गेलं. टायरची कंपनी हार्वी दू क्रो या उद्योजकाने वाढवली, नाव जगभर झालं, पण डॉक्टरांच्या पदरात त्या मानाने फारसं काही पडलं नाही. थॉमसनचा मान त्याला द्यायलाच हवा. पण त्याच्या वेळी टायर बसवायचे ते घोडागाड्यांना, सायकली होत्या कुठे? डनलॉपची वेळ जमली.

मे स्ट्रीटच्या टोकाला सेंट जॉर्जेस मार्केट आहे. तिथे खाणं घेतलं, तर सुट्ट्या पैशांत दहा पौंडांची नोट आली, डान्स्के बँकेची (उत्तर आयर्लंडमधल्या काही बँका स्वतःच्या नोटा काढतात). तिच्यावर भरघोस पांढऱ्या दाढीचे आजोबा. नाव वाचलं आणि हसूच आलं. दोन दिवसांनी लंडनमध्ये एका दुकानात तीच नोट पुढे केली. दुकानदाराने उलटसुलट केली, उजेडात धरली आणि “दुसरी नाही का?” म्हणत परत केली.

दुसरी होती. दिली. आजोबा आले माझ्याबरोबर पुण्याला.